सहा ते साडेसहा

३ फेब्रुवारी

चि. ढब्यास,

प्रभूच्या ठायी ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आईला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तुझं पत्र मात्र ती चारचारदा वाचून घेते, म्हणून हा खटाटोप. तिची तब्येत बरी आहे. जीभ त्याहून बरी. सकाळी सहा वाजले की अजूनही गॅस बंद, माझं शिवणयंत्र बंद, फोन उशीखाली. तू डॉक्टरकी शिकायला निघालास तेव्हा तुमचं दोघांचं ठरलं होतं ना, सहा ते साडेसहा तिनं इथे आणि तू तिथे गुडघे टेकायचे, आणि त्या वेळात एकमेकांना अजिबात हाक मारायची नाही. ते ती जिवापाड जपते.

काल मला शाळेचे चाळीस गणवेश द्यायचे होते. सव्वासहालाच यंत्रावर बसले तर म्हणाली, एवढा मोठा डॉक्टर देवासाठी वेळ काढतो आणि तुला काजांतून सवड नाही. बारा वर्षं तुझे गोडवे ऐकून कान किटले बाबा! काजं करताना मीही प्रार्थना करते, पण ती कोण धरतंय? खरंच जमतं का रे तुला रोज? सहज विचारते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम.

दवाखान्यात मान वर करायला फुरसत नाही. पण आईला सांग, सहा ते साडेसहा कधी चुकत नाही. फोनसुद्धा दुसऱ्या खोलीत ठेवतो. तुझ्यासाठीही मागणं मागतो, तुझ्या नाकावरच्या रागासाठी जरा जास्तच. हे तिला मोठ्यानं वाचून दाखव.

दोघींचा लोभ आहेच, तो वाढू दे.

ढब्या

९ मार्च

प्रिय ढब्या,

सलाम. तू चार दिवस राहून गेलास, पण घर माणसांनी भरलेलं होतं, सांगता आलं नाही. तुला वाटतंय, आईला दुखायला लागल्याबरोबर मी फोन केला. नाही रे. सहा वाजून पाच मिनिटांनी चटईवरच तिनं छाती धरली. पित्त असेल म्हणाली. अंग घामानं भिजलं होतं. तुलाच विचारावं म्हणून मी उशीखालून फोन काढला, तर तिनं माझं मनगट धरलं. तो देवासमोर आहे, फोन दुसऱ्या खोलीत असतो त्याचा, बिचारा प्रार्थना सोडून धावेल, साडेसहाला कर, म्हणाली. आणि मी थांबले! घड्याळाकडे बघत पंचवीस मिनिटं बसले, मूर्खासारखी. साडेसहाला तू पहिल्याच घंटीला उचललास, गोळी चघळायला दे, गाडी बोलाव म्हणालास. गाडी फाटकाशी आली तोवर सगळं आटोपलं होतं.

हे माझं मन खातंय. एकच दिलासा आहे, की त्या वेळी तू तिच्यासाठी गुडघ्यांवर होतास. तेवढं एकदा लिही, म्हणजे घास उतरेल.

ताई

१६ मार्च

ताई,

सलाम लिहायलाही तोंड नाही. फोनवर जीभ वळली नसती, म्हणून लिहितो. मी गुडघ्यांवर नव्हतो. पलंगावर लोळत होतो, लोकांच्या सहलींचे फोटो बघत. फोन हातातच होता.

पहिली तीन वर्षं नेमानं बसलो. मग रात्रपाळ्या लागल्या, एक दिवस चुकला, मग आठवडा. पुढे रात्रपाळ्या संपल्या, पण मी काही परत बसलो नाही. नऊ वर्षं झाली. आई खूश होती, म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय. सहा पाचला फोन आला असता तर ती वाचलीच असती असं छातीठोक सांगत नाही. पण संधी होती, ताई.

मला क्षमा कर. माझ्यासाठी प्रार्थना कर.

ढब्या

२४ मार्च

डॉक्टरसाहेब,

पत्र मिळालं. आईच्या चटईवर बसून वाचलं. कुणाचं काय बिघडतंय, म्हणतोस. बघ बाबा, काय बिघडलं ते. फेब्रुवारीतलं तुझं पत्र मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या नाकावर ती पोटभर हसली, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतोस ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तुझं खोटं माझ्याच तोंडून तिच्या कानात गेलं. वर बारा वर्षं बोलणी मी खाल्ली!

पाळकसाहेब म्हणतात, क्षमा केलीच पाहिजे. ते मला ठाऊक आहे. ती करता यावी म्हणून रोज मागते, पण आमेनपर्यंत पोचत नाही. आणि मी खोटं आमेन म्हणणार नाही, घरात तेवढं एक पुरे झालं. पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपली रीत. लोभ आहे रे, मेला तोच सुटत नाही.

तू प्रार्थना करतोस की नाही, ते मला कळवू नकोस, माझा विश्वास बसायचा नाही. उद्यापासून रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावणार आहे. बोलणार काही नाही. तू उचल.

ताई