ती जागा माझ्या वडिलांची आहे

घाटकोपर,
मार्गशीर्ष, शके १८७८

तीर्थरूप अनंतकाका यांस,

बालक श्यामकांत याचे साष्टांग नमस्कार. (चाळीच्या खोलीत आठही अंगे एकदम टेकत नाहीत, तेव्हा सहा टेकली आहेत असे समजून उरलेली दोन माफ करावीत.)

इकडील सर्व क्षेम. तुमची प्रकृती ‘अगदी ठणठणीत’ असल्याचे तुम्ही एकाच पत्रात दोनदा लिहिलेत. एकदाच लिहिले असतेत तर माझा विश्वास बसला असता. तेव्हा गुडघ्याचे खरे काय ते कळवावे. काकूंनी पाठवलेली आमसुले पोचली. उत्तम आहेत. न मागता का पाठवली, ते मात्र सोबतच्या चिठ्ठीत नव्हते. कुंदा म्हणते, माणसे मायेने पाठवतात. (तुमची सूनबाई माहेरी लाडात वाढली, त्यामुळे तिचा जगावर विश्वास आहे.) काल त्यांचे सार केले. अजून कोणाला काही झालेले नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्यावर एक भलताच प्रसंग गुदरला आहे आणि तो गाण्याच्या बैठकीत गुदरला. श्याम आणि गाणे, असे म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण आधी पूर्वपीठिका ऐका.

वडील गेल्यापासून ही जागा मी कशी डोळ्यांत तेल घालून सांभाळतो आहे, ते माझे मला ठाऊक. चार नंबर, कोपऱ्यावरच्या दोन खोल्या, पुढे गॅलरी आणि मागे शेवगा, अशी जागा आज घाटकोपरात दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आणि आमचे मालक जयंतीशेठ! वडिलांच्या वेळी हे गृहस्थ जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. आता थांबतात, हसतात आणि ‘केम श्यामकांतभाई, तबियत बरी ना?’ असे विचारतात. घरमालक भाडेकरूच्या तब्येतीची चौकशी कशासाठी करतो, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातून त्यांच्या पुतण्याचे लग्न ठरले आहे, आणि नव्या जोडप्याला राहायला दोन खोल्या लागतात. म्हणून आम्ही एक नियम केला : घर रिकामे टाकून दोघांनी एकदम बाहेर पडायचे नाही. कोणी कुलपावर कुलूप चढवले तर काय घ्या? आपल्या प्रेमाताईच्या लग्नात ‘जोडीने का आला नाहीस रे’ म्हणून तुम्ही मला चारचौघांत झापलेत, त्याचे कारण हे. मी मंगलाष्टकांना आलो आणि मी परत गेल्यावर कुंदा जेवणाला आली. (तिला जिलबी मिळाली, मला नुसत्या अक्षता. पण जागा राहिली.)

अशा परिस्थितीत पाच नंबरचा मधुकर माझ्याकडे रविवार सकाळच्या बैठकीचा फुकट पास घेऊन आला. हा मधुकर म्हणजे गाण्याचा किडा. कुठल्याशा विलायती कंपनीत कारकून आहे, पण हपिसातही बोटांनी ताल धरतो म्हणून त्याची बढती अडली आहे, असे ऐकतो. ‘अरे चल ना यार, विद्याधरबुवांचं गाणं आहे, झकास होईल, जयंतीशेठ स्वतः येतायत!’ असे म्हणून पास माझ्या खिशात कोंबून गेला. आता तुम्हीच सांगा, आजवर ज्याने मला कधी विडीसुद्धा फुकट दिली नाही, तो पास का देईल? मला घराबाहेर काढण्याचा हा डाव, हे मी तेव्हाच ओळखले. पण घरमालक तिथे काय शिजवतो तेही पाहायला हवे होते. मी कुंदाला आतून कडी लावून बसायला सांगितले, तरीही किल्ली कनवटीला लावली आणि गेलो. ‘जा एकदाचे, कान तरी धुऊन निघतील,’ असे ती म्हणाली. कशाने, ते तिने स्पष्ट केले नाही.

शाळेच्या हॉलमध्ये जाजम घातले होते. मी मुद्दाम जयंतीशेठ आणि मधुकर यांच्या पाठीमागे, कान पोचेल इतक्या अंतरावर बसलो. समोर वाद्ये जुळवणे चालले होते. ते इतका वेळ चालले की, मंडळींनी ती घरून दुरुस्त करून का आणली नाहीत, हा प्रश्न मला पडला. तेवढ्यात पुढच्या रसिक मंडळींच्या गप्पा सुरू झाल्या, कोणी कुठे कुठे गाणे ऐकले त्याच्या. आणि काका, मी जे ऐकले ते जसेच्या तसे लिहितो.

मधुकर म्हणाला, ‘मुलुंडच्या बैठकीत बुवांनी काय जागा घेतली होती, शेठ! शेजारी बसलेल्या तबलजीला पत्ता लागला नाही.’ शेठ म्हणाले, ‘अरे, अंधेरीला तर एकापाठोपाठ एक घेतच सुटले ना! लोक नुसते बघत राहिले.’ त्यावर बोरिवलीहून आलेले एक काळ्या टोपीवाले म्हणाले, ‘आमच्याकडे घेतली ती खरी अवघड जागा. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती.’

मुलुंड, अंधेरी, बोरिवली! माझ्या अंगावर काटा आला. उपनगरभर जागा घेत फिरणारा हा मनुष्य, पगडी देऊन घेतो की तशाच बळकावतो कोण जाणे, आणि लोक अडवायचे सोडून नुसते बघत राहतात! वर त्याला बुवा म्हणतात. आता घाटकोपरात तो कोणती घेणार, एवढेच कळायचे होते. तेही कळले. शेठनी हळूच विचारले, ‘आज कुठली?’ आणि मधुकर म्हणाला, ‘काळी चार. भारी पडते म्हणा, पण बुवांना सगळं जमतं.’

काका, आमच्या चार नंबरच्या भिंती चुलीच्या धुराने किती काळ्या झाल्या आहेत, ते तुम्ही जाणताच. मी कनवटीची किल्ली घट्ट धरली. भारी पडेल हे मात्र मधुकरने खरे सांगितले, असे मनाशी म्हटले.

मग बुवांनी गायला सुरुवात केली. दिसायला भला माणूस. (भामटे नेहमी तसेच दिसतात.) बराच वेळ ते एकच ओळ निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणत होते. अर्थ काय म्हणून मी मधुकरला विचारले, तर मागे न बघताच तो म्हणाला, ‘दार उघड, मी बाहेर उभा आहे.’ एवढ्या माणसांत, पेटी-तबल्यासकट, इतक्या उघडपणे! कुंदा घरी कडी लावून बसली असेल ना, या विचाराने मला घाम फुटला.

आणि मग बुवांनी गळ्यातून एक काहीतरी काढले. सूर वर नेला, तिथे जरासा घुटमळवला, आता निसटतो की काय असे वाटले, आणि खाली आणताना त्याला असे एक वळण दिले की काय सांगू. माझ्या पोटात एकदम कालवाकालव झाली. (सकाळी पोहे खाल्ले होते, ते असावेत.) सगळा हॉल ‘वा!’ म्हणाला. जयंतीशेठनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘काय जागा घेतली!’ त्यावर मधुकर म्हणतो, ‘हीच ती. मूळ माणूस गेला म्हणतात, शेठ. मागे कोणी नाही. आता बुवांचीच म्हणायची.’

मागे कोणी नाही! मी त्याच्या मागे मांडी घालून बसलेला असताना! माझा तोल सुटला. मी उभा राहिलो आणि ओरडलो, ‘मागे मी आहे! ती जागा माझ्या वडिलांची आहे!’

तबला थांबला. तंबोरे तेवढे चालू राहिले. आता मला धरून बाहेर काढणार, अशी माझी खात्री झाली. पण विद्याधरबुवांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, मला हात जोडले आणि विचारले, ‘वडिलांचं नाव काय?’ मी ठणकावून सांगितले. ‘ही जागा त्यांच्याकडे कधीपासून?’ म्हटले, माझ्या जन्माच्या आधीपासून. ‘दुसऱ्या कोणाला दिली होती का त्यांनी?’ म्हटले, मरेपर्यंत कोणाला दिली नाही, आणि मीही देणार नाही, काय करायचे ते करा! यावर लोकांत हळहळ पसरली. बोरिवलीची काळी टोपी शेजाऱ्याला म्हणाली, ‘जुन्या लोकांचं असंच. विद्या चितेवर नेतील, पण देणार नाहीत.’

विद्या मध्येच कुठून आली, ते मला कळले नाही. पण बुवांचे डोळे भरून आले होते. ते सगळ्यांना म्हणाले, ‘मंडळी, ही जागा मला गुरूंकडून मिळाली नाही. लहानपणी मी इथे आत्याकडे राहायला होतो, तेव्हा विहिरीवर मिळाली. पहाटे कोणीतरी पाणी काढताना गुणगुणायचं. मी अंथरुणातून ऐकायचो. माणूस कधी दिसला नाही. आज त्यांचा मुलगा भेटला.’ आणि मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवले. कोणीतरी गळ्यात हार घातला. मी तो लगेच काढून मांडीवर ठेवला. हार घातल्यावर पुढे काय होते, ते बोकडाला विचारावे.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा कुंदा इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. (ती लग्नाआधी वर्षभर पेटी शिकली होती, हे मला परवा कळले. इतकी वर्षे का लपवले, ते विचारायचे आहे.) तिच्या म्हणण्याप्रमाणे गवई लोकांत जागा म्हणजे सुरांचे एक खुबीदार वळण, आणि काळी चार ही पेटीची पट्टी. असेल. पण माणसाला पाठ टेकायला जागा मिळत नाही अशा या मुंबईत गळ्यातल्या वळणाला जागा म्हणणे हा शुद्ध चावटपणा आहे, असे माझे मत मी तिला सांगितले. त्यावर ती पुन्हा हसली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी जयंतीशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन दारात! म्हणाले, ‘श्यामकांतभाई, तुम्ही तर छुपा रुस्तम निघाला. खरं सांगतो हां, पुतण्यासाठी ही खोली मागायची मनात होती. म्हणून तर रोज तबियत विचारत होतो. पण असल्या घरात हात घालायचं पाप मी नाय करणार.’ (म्हणजे माझा संशय खरा होता! हे वाक्य मी कुंदाला तीनदा ऐकवले. आता ती हसली नाही.) ‘फक्त एक करा,’ शेठ म्हणाले, ‘येत्या रविवारी बुवांना घेऊन येतो. बापूजींची ती जागा, ज्या घरातली आहे त्या घरात, त्यांच्या मुलाच्या तोंडून ऐकायची आहे.’

मुलाच्या तोंडून! काका, लहानपणी मी आरतीला तोंड उघडले की वडील माझ्या हातात टाळ द्यायचे आणि म्हणायचे, ‘तू हे वाजव.’ आता रविवारी माझ्या तोंडून काही निघाले नाही की शेठना खरे काय ते कळणार, पुतण्या सामान बांधून तयारच आहे, आणि आमची पुरती वाट लागणार. वडिलांनी जन्मभर राखलेली जागा मी घालवली, असे व्हायची मला भीती वाटते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

असो. पत्र फार लांबले. तुम्ही चिंता करू नये. काकूंस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. मधल्या वयाच्या मंडळींबद्दल विचार करून मागाहून कळवतो.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. तुम्ही तिकडे देवळात भजनाला उभे राहता आणि तुमचा गळा वडिलांसारखाच आहे, असे सगळे म्हणतात. तरी पत्र पोचताच निघावे आणि शनिवारच्या आत येथे यावे. लग्नाआधी तुम्ही या खोलीत आमच्याकडे राहत होता आणि दोघे भाऊ पहाटे विहिरीवर पाणी भरायला जात होता. वडील तिथे काय गुणगुणायचे, ते मला शिकवा. मला नाही जमले तर माझा घसा बसला आहे असे सांगून तुम्हीच म्हणा. येताना एक पिशवी पुरे. ट्रंक आणू नये. (ट्रंक आली की माणूस राहतो.)

ता. क. दुसरा : वरचे लिहून पाकीट चिकटवले आणि शंका आली, म्हणून पुन्हा उघडले. विहिरीवर गुणगुणणारे वडीलच होते ना? की ते तुम्ही होता? तुम्ही असाल, तर कृपा करून जन्मात कोणाला सांगू नये. कारण मग जागा तुमची ठरते. इतक्या वर्षांत तुम्ही या जागेवर कधी हक्क सांगितला नाहीत, हे माझ्या केव्हाच लक्षात आले आहे.

ता. क. तिसरा : दुसऱ्या ता. क.चे उत्तर पाठवले नाहीत तरी चालेल. विहीर आता बुजवली, म्हणून आज पहाटे मी मोरीत नळाखाली बादली लावली आणि ते वळण जमते का पाहिले. पोह्यांचा काही संबंध नव्हता, काका. बैठकीत बुवांनी ते घेतले तेव्हाच मला रहाटाचा आवाज ऐकू आला होता आणि वडिलांची ओली पाठ दिसली होती. मला अर्थातच जमले नाही. वर गेलो, घुटमळलो आणि तिथेच पडलो. पण कुंदा आत झोपेत होती, ती दचकून उठून बसली आणि डोक्यावर पदर घेत म्हणाली, ‘मामंजी आले की काय?’ ती असे का म्हणाली असेल, याचा मी सकाळपासून विचार करतो आहे, आणि पहिल्यांदाच मला काही संशय येत नाही. तुम्ही लवकर या. ट्रंक आणली तरी चालेल.