सरासरीतले अण्णासाहेब

१६ सप्टेंबर २०१८, रविवार

पाचवे! पाच संघांत पाचवे! मंडळाच्या गणेशोत्सवातली एकांकिका स्पर्धा, आणि जनकपुरीचा संघ — म्हणजे लेखिका मी — तळाला. पहिलं गुरुग्राम. प्रमोदिनीबाईंच्या नाटकात सोफ्याने तेवढं बरं काम केलं. पहिला संघ पुण्याला प्रयोग करणार. बावीस वर्षं दिल्लीत लिहितेय, पुण्यात माझं एक वाक्य कुणी ऐकलेलं नाही. असो म्हणायचं. म्हणवत नाही!

१७ सप्टेंबर

भालचंद्रकडून — हा मंडळाचा कार्यवाह — गुणांची एक्सेल शीट मागवली. तीन परीक्षक, शंभरपैकी गुण. आम्हाला ८४, ८६, आणि अण्णासाहेबांच्या रकान्यात — 'चर्चा करावी'.

निवृत्त सहसचिव! जन्मभर फायलींवर हेच लिहिलं, आता नाटकावरही. भालचंद्रने तो शेरा निमूटपणे शीटमध्ये चढवला. चर्चा अर्थातच कुणी केली नाही. इतकी शिस्त तर मंत्रालयातही नसते.

पण सरासरी ५६.६७ कशी?

१८ सप्टेंबर

नवरा सांख्यिकी खात्यात असण्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. चहा पिता पिता विश्वनाथ म्हणाला, साधं ॲव्हरेज फंक्शन आकडे तेवढे घेतं, शब्द सोडून देतं. भालचंद्रने वापरलंय ॲव्हरेज-ए. ते शब्दही मोजतं — शून्य म्हणून.

"म्हणजे अण्णासाहेबांनी तुला शून्य दिलं, असं धरलंय त्याने."

आणि वर बिस्किट बुडवलं!

१९ सप्टेंबर

भालचंद्रला फोन. तेच का वापरलंस? तर म्हणे, "ताई, ते जास्त लेटेस्ट वाटलं." एक अक्षर जास्त, म्हणून अक्कल जास्त! मग घाबरून म्हणाला, अण्णासाहेबांनाच आकडा विचारू या का? म्हटलं, कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास? सरळ फंक्शन बदल.

बदललं. आम्ही ८५, गुरुग्राम ८०.

पुणे!

२० सप्टेंबर

प्रमोदिनीबाईंचा फोन. अभिनंदन म्हणाल्या, गोड आवाजात. त्यांच्या संघाने तिकिटं काढून ठेवली होती म्हणे. उत्साहच दांडगा. करा आता रद्द!

२२ सप्टेंबर, शनिवार

ढाल मिळाली. भाषणात परीक्षकांच्या निर्भीडपणाचं कौतुक केलं. अण्णासाहेब पुढच्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत. झोप लागली असेल.

२३ सप्टेंबर

विसर्जनाच्या आरतीनंतर अण्णासाहेबांनी मला बाजूला घेतलं. माझ्या फोनची वाट पाहत होते म्हणे.

"तुमच्या नाटकात माणूसच नाही हो, बाई. सगळी पात्रं नुसते टोमणे मारतात. मी शून्यच देणार होतो. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं."

ढाल टीव्हीशेजारी आहे. भालचंद्रला अजून सांगितलेलं नाही.