दोन ट्रक माती

१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. मला मात्र इथे शिसारी आली आहे.

कॉलेजमागच्या टेकडीवरची आमची धावायची वाट तू पाहिली आहेस. मुलींच्या क्रॉस कंट्री संघाकडे तेवढीच एक गोष्ट धड होती. बाकी सात जणींत एक घड्याळ आणि एक मलमपट्टीची पेटी. उतारावरचे खड्डे बुजवायला मी दोन ट्रक माती मागणार होते. तूच म्हणालास, गवंड्याचं ऐक, हात मागावा तेव्हा बोट मिळतं. अर्जात ‘मार्गाची संपूर्ण सुधारणा’ लिही. लिहिलं. कॉलेजने अख्ख्या वाटेवर सिमेंटचे ब्लॉक बसवले! वर बाकं आणि दिवे. प्राचार्य विचारतात, आता तरी खूश ना?

हा खेळ मातीचा, दादा. तीन आठवड्यांत दोघींच्या नडग्या गेल्या. त्यातली एक सगळ्यांत वेगवान, लांब टांगांमुळे आम्ही तिला ‘टोळ’ म्हणतो, तिच्या हाडाला चीर आहे. स्पर्धेत पाच जणी पोचल्या तरच संघ धरतात, आणि माझ्याकडे पाचच उरल्या आहेत. शिवाय कॉलेजला गुण द्यायला येणाऱ्या तपासणी समितीसाठी मी लिहून द्यायचं, की हे प्रशिक्षकाच्या मागणीवरून झालं.

रागावले आहे, तरी तुझीच,
धाकटी

१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलो. भिंती बांधणारा माणूस मी, मला कठीण तेच चांगलं वाटतं. तुझ्या वहिनीने पत्र वाचून विचारलं, पळणाऱ्यांना सल्ला द्यायला तुम्ही शेवटचे कधी पळालात? मी म्हटलं, लग्नाआधी पळायला हवं होतं. दोन दिवस चहा स्वतः करतोय.

सही करू नकोस म्हणणं मला सोपं आहे. नोकरी तुझी आहे. खरं तेवढंच लिही.

आणखी एक. असले ब्लॉक नुसत्या वाळूवर बसवतात. कडेचा एक उचकटला की पुढची रांग हाताने निघते. हे आपलं माहितीसाठी.

मुलींना माझा आशीर्वाद सांग.
दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समिती आली, वीस पावलं चालली, बाकावर बसली. मी लिहून दिलं, की मागणी माझीच, पण मला माती हवी होती आणि या ब्लॉकनी दोन मुली जायबंदी केल्या. अध्यक्षांनी ते न वाचता वर शेरा मारला, ‘प्रशिक्षक समाधानी’. पूर्ण गुण मिळाले. किळस आली.

रविवारी स्पर्धा झाली. चौघी पोचल्या. पाचवी शेवटच्या चढावर नडगी धरून खाली बसली. संघ धरला नाही. कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकावर मात्र टोळ हसते आहे, कमरेपर्यंतच. खाली प्लास्टर आहे ना.

तुझं पत्र मी खेळाच्या खोलीत टेबलावर विसरले होते. विसरले असंच धर. आज सकाळी टेकडीवर गेले तर टोळ बाकावर बसून कुबडीने दाखवत होती, आता हा, आता तो. बाकीच्या मुली ब्लॉक वाहत होत्या. मला पाहून कुणी थांबलं नाही. मीही दोन उचलले. वळणापर्यंतची वाट मोकळी झाली आहे.

आता माती लागेल. दोनच ट्रक. अर्ज मी लिहीन. तू सल्ला देऊ नकोस, फक्त माया असू दे.

तुझी,
धाकटी