सवतीचा क्लच

५ फेब्रुवारी

गेला! क्लच गेला. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी आहे तिथेच. मागे ही रांग! एकाने काच खाली करून विचारलं, "काका, ढकलू का?" करपल्याचा वास अजून नाकातून जात नाही. पेडलही गेले दोन-तीन महिने जड झालंय — दगडावर पाय ठेवल्यासारखं.

ही शेजारी बसली होती. म्हणाली, "थोरलीचं वय झालं आता." गाडीला ती सवत म्हणते. गाडी आधी आली, ही चार वर्षांनी. म्हणून थोरली! दोनच सीट, छत कापडाचं, खड्डा आला की मणके मोजून घ्यावेत. पण तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली दिलेली नाही.

६ फेब्रुवारी

मुक्याला फोन केला. शाळेपासूनचा मित्र, आता गॅरेज आहे त्याचं. तोंड मिनिटभर बंद नसतं म्हणून मुका. म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दोन रविवार जातील. तूही ये, एकट्याला करमत नाही मला." जाणारच! एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. माझ्या गाडीला माझा हात नको?

१२ फेब्रुवारी

दिवसभर गाडीखाली, पाठीवर. डोळ्यांत गंज, दातांत माती. एक बोल्ट असा रुतून बसला होता, की जसा काही जावई! दुपारपर्यंत तो एकच. गिअरबॉक्स खाली घेताना माझी बाजू निसटली. मुका ओरडला, "अरे धर की! मला मारतोस का?" खाली टायर होतं म्हणून वाचलो. माझा डावा पाय ऐन वेळी लटपटला. गार फरशीने आखडला असणार.

प्लेट बाहेर काढली. पार झिजलेली, रिव्हेट उघडे पडलेले. ती ज्या लोखंडी चाकाला चिकटते ते तापून तापून निळं. मुका बघत राहिला. मग म्हणाला, "ही वयाने झिजलेली नाही. जळलीय. तू क्लच पुरता दाबत नाहीस. अर्धवट दाबून गिअर टाकतोस."

मी! अर्धवट क्लच! ह्याला गाडी शिकवली कोणी? मी! दोघंही फुगून बसलो. मग तोच चहा घेऊन आला.

१३ फेब्रुवारी

कामावर शिडी चढताना डावा बूट दोनदा अडकला. अंग आंबलंय कालचं.

१९ फेब्रुवारी

नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, बेअरिंग, केबलसुद्धा नवीकोरी. संध्याकाळी चारला शेवटचा बोल्ट आवळला. मुक्याने वाकून पेडल हाताने दाबलं. नुसत्या तळहाताने! "लोणी आहे, लोणी!"

मी बसलो. दाबलं. अर्ध्यावर गेलं आणि पाय थरथरायला लागला, शिलाई मशीनसारखा. म्हटलं, "जडच आहे अजून."

त्याने परत हाताने दाबलं. तळाला टेकलं. मी दाबलं. अर्ध्यावर. असं तीनदा झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उजव्याने दाब बघू."

उजव्याने एका दमात खाली.

तो उगाच पाने पुसत बसला. आधीच पुसलेले. मग म्हणाला, "डॉक्टरला दाखव रे."

घरी आलो तर ही दारात. "झाली का बरी थोरली? मग आता एकदा समुद्राच्या रस्त्याने न्या मला. किती वर्षं झाली!"

म्हटलं, "थोडं काम राहिलंय." का म्हटलं कोण जाणे.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहे, पण हात ठाम. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. मग स्नायूंत सुया टोचून काय काय मोजलं. मी म्हटलं, "लिफ्टचंही असंच असतं. मोटर धडधाकट, पण वायर कुठेतरी तुटलेली." वाटलं, हसेल. नाही हसली. आणखी तपासण्या लिहून दिल्या.

२२ मार्च

निकाल.

नसांचा आजार. नाव डॉक्टरीणबाईने दोनदा सांगितलं, कागदावरही लिहून दिलं. पाय, मग दुसरा पाय, हात, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. क्रम मागेपुढे होतो. "बरं करणारं औषध नाही. वेग थोडा कमी करणारं आहे." किती दिवस? म्हणाली, "दोन-तीन वर्षं. काहींना जास्त. घरच्यांना घेऊन या पुढच्या वेळी."

म्हणजे मुकाच बरोबर. पेडल जड झालंच नव्हतं. मीच हलका होत होतो आणि जाळत होतो त्या बिचारीला.

हिला काही बोललो नाही. आजार सांगितला की तिचंही संपेल. आत्ता एकाचंच संपलंय.

२ एप्रिल

मुक्याला सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "क्लच परत काढ."

"नवा क्लच? डोकं फिरलंय का?"

"गाडी खोललेली दिसली पाहिजे. नाहीतर ही रोज विचारणार, नेत का नाही म्हणून."

"आणि माझं काय? चार लोकांत माझ्या कामाला नावं ठेवणार तू!" खूप भडकला. मग गाडीखाली शिरला. एकट्याने गिअरबॉक्स उतरवला, एकट्याने प्लेट काढली. मला हात लावू दिला नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. म्हणे, गंज गेला डोळ्यांत. सगळं नवीन तिथे! गंज कुठला?

१६ एप्रिल

ही गॅरेजात आली आणि मुक्याच्या तोंडावर मला म्हणाली, "ह्यांना काही येत नाही. दुसरा कोणी बघा. दोन रविवारचे दोन महिने केले!"

एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस. मान खाली. "जुनी गाडी आहे, वहिनी. वेळ लागतो." बस्स. एवढंच.

मी मेल्याहून मेलो.

३ मे

जिना. चोवीस पायऱ्या. दोनदा बसलो. जन्मभर लोकांचे जिने चुकवले मी.

२१ मे

लंगडतो म्हणून तिने विचारलं. सांध्यांचं दुखणं म्हणालो. आता रोज संध्याकाळी तेल कोमट करून पाय चोळते. अर्धा अर्धा तास. तिचेच अंगठे दुखतात, मग उठून गुपचूप गार पाण्यात धरते. मी बघतो. ह्या तेलाने काही होणार नाही, हे मला माहीत, तिला नाही. "आज बरं वाटतंय ना?" हो म्हणतो. मग ती दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावते.

११ जून

गॅरेजात गेलो होतो, ती मागोमाग. गाडी ठोकळ्यांवर, चाकंसुद्धा काढलेली. ही सरळ आत जाऊन बसली, पर्स मांडीवर. "बसा की. समुद्राला तर समुद्राला!" बसलो. तोंडाने इंजिनचा आवाज काढला तिने, ह्या वयात! मुका हसता हसता पाठ करून उभा राहिला. मी स्टिअरिंग धरलं. "गिअर टाका!" म्हणाली. क्लचवर पाय ठेवायला गेलो, तर पाय उचलेच ना. दोन्ही हातांनी मांडी धरून उचलून ठेवला.

तिने पाहिलं. आवाज काढायची थांबली. काचेतून समोर बघत राहिली. समोर भिंत.

८ जुलै

उजवा हात. पाना सुटला आणि पाचव्या मजल्यावरून थेट खाली लिफ्टच्या खड्ड्यात. कुणी नव्हतं म्हणून! साहेब म्हणाले, घरी बसा. एकतीस वर्षांचा डबा, बूट, हेल्मेट — एका पिशवीत मावलं.

३० जुलै

आज सांगायचंच. ठरवून बसलो. ती कपड्यांच्या घड्या करत होती. सगळं वाक्य मनात जुळवलेलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझा निळा शर्ट कुठंय?"

अंगावर होता!

भ्याड. भ्याड. भ्याड.

६ ऑगस्ट

पेन धरवत नाही. एका ओळीला

१३ ऑगस्ट

हे अक्षर माझं आहे, ह्यांचं नाही.

सकाळी ह्यांनी कोपराने वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "माझ्याने बोलवत नाही. पहिल्या पानापासून वाच." वाचली. मग मी चालत मुका भाऊजींकडे गेले आणि त्यांची माफी मागितली. घरी येऊन ह्यांच्याशी भांडले, सहा महिन्यांचं साठलेलं, पोटभर. सांधे नव्हेत एवढं मलाही कळत होतं. मीही विचारलं नाही. भ्याड दोघंही.

आता शेजारी बसलेत. आजचं काय लिहू, विचारलं तर म्हणाले, तूच ठरव.

काय लिहिलंस, विचारतायत. वाचून दाखवते.