लेकीच्या नावाची तोफ

टेंभुर्णी,
दि. ४ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. पुष्पास,

अनेक उ. आ. वि. वि. तू पाठवलेला चकल्यांचा डबा जावईबापूंच्या दोस्ताच्या हातून पोचला. वाटेत तो बराच हलका झाला होता. दोस्त चांगला दिसतो, निदान खाण्याच्या बाबतीत तरी.

लिहिण्यास कारण की आपल्या तोफेवर संकट आलं आहे. परवा ठाण्याचे नवे फौजदारसाहेब पोलीस पाटील तातेरावला घेऊन वस्तीवर आले. तोफ उलटीपालटी करून पाहिली, नळीत डोकावले आणि लायसन कुठं आहे म्हणून विचारलं. मी त्यांना सांगितलं की ही वीतभर वस्तू माझ्या बापानं याकूब लोहाराच्या बापाकडून गाडीच्या जुन्या आसाच्या लोखंडातून करून घेतली, तेव्हा लायसन हा शब्दसुद्धा आमच्या गावात आलेला नव्हता. सगळी रीतही सांगितली. आपली वस्ती गावापासून लांब. दिवाळीला लेक माहेरी आली, फाट्यावर एस.टी.तून उतरली की माळवदावरून तोफ उडवायची. आभाळात लाल-हिरवी फुलं फुटली की गावाला कळतं, रखमाजीची लेक आली, आणि बाया ओवाळणीचं ताट घेऊन येतात. साहेब हसले. लेक आल्याचं सांगायला आता ग्रामपंचायतीत फोन आहे म्हणाले.

त्यांचं म्हणणं, दुकानातले फटाके उडवा, पण घरी केलेली तोफ म्हणजे हत्यार. दोन महिन्यांत कागद दाखवा, न्हाईतर तोफ ठाण्यात जमा करा. मी म्हटलं की आजवर कुणाचं बोटसुद्धा भाजलेलं नाही. माझं भाजलं ते धरायचं नाही.

तुमच्या अंबडला वकील बक्कळ. एखाद्याला बराबर विचारून कळव, ही तोफ गुन्ह्यात बसते की नाही. चार दिवाळ्या तुला येणं झालं नाही, त्याचा राग बिलकुल नाही. विहीणबाई अंथरुणाला खिळलेल्या, कारखान्याचा हंगामही नेमका दिवाळीतच पेटतो. पण तोफ घरात आहे तोवर तू येशील असं वाटत राहतं. ती गेली तर मी कशाच्या भरवशावर बसू?

घरात सर्वांना सांभाळ, आणि म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा,
रखमाजी


अंकुशनगर,
दि. १४ नोव्हेंबर १९९५

ती. आबांस,

पुष्पाचा शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुमच्या जावईबापूंना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले की लेकीला तोफ आणि जावयाला नुसता चहा, ही पद्धतच मुळात बेकायदा आहे. हसू आलं, पण रात्रपाळीला ते गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही.

अंबडला भुजंगराव वकील आहेत, त्यांची जमीन कारखान्याच्या वाटेवर आहे. येत्या रविवारी त्यांना गाठून विचारते. तोवर तुम्ही साहेबांशी वाद घालू नका. तुमची जीभ तोफेपेक्षा लांब मारा करते.

एक मात्र कळलं नाही. मी आले नाही, म्हणजे यंदा तोफ उडालेली नसणार. मग साहेबांना तिचा पत्ता लागला कसा? एवढं लिहायचं राहून गेलं की मुद्दाम राहिलं? आई गेल्यापासून तुम्ही पत्रात तब्येतीचं काही लिहीत नाही. जेवता का, तेही लिहीत नाही. मी इथं सासूबाईंना घास भरवते आणि तुमच्यापुढं ताट कोण ठेवतं, ते मनात येतं.

रागावू नका, रागावलात तरी उत्तर धाडा.

आपली,
पुष्पा


टेंभुर्णी,
दि. २३ नोव्हेंबर १९९५

प्रिय मैत्रीण पुष्पा,

ताहेराचा सलाम. साहेबांना तोफेचं कसं कळलं म्हणून विचारणारं तुझं पत्र आलं. चाचा स्वतः सांगणार नाहीत आणि मी सांगितलं तर माझ्यावर चिडतील, पण तू शाळेपासून माझ्या शेजारी बसलीस, तुझ्यापासून कसं लपवू?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तोफ उडाली. आम्ही सगळ्या अंगणात होतो, लाल-हिरवी फुलं पाहिली आणि मला तर रडूच फुटलं, की चार वर्षांनी पुष्पा आली. गोजरबाई, मी, बऱ्याच जणी ताटं घेऊन वस्तीकडं पळालो. मी शेवयांचा डबा घेतला होता. पोचलो तर अंगणात एक अनोळखी बाई पिशवी घेऊन बावरून उभी. धावडा गावची होती, कडूबाच्या घरी पाहुणी चाललेली. फाट्यावरून वस्तीच्या कडेनं येत होती आणि डोक्यावर बार झाला. चाचा माळवदावरून उतरून तिच्यापुढं उभे होते. मग आमच्याकडं वळून त्यांनी विचारलं की पुष्पा मागं राहिली का.

शेवटी गोजरबाईनं त्या धावड्याच्या बाईलाच पाटावर बसवून ओवाळलं. पेटवलेलं निरांजन तसंच कसं परत न्यायचं म्हणाली. चाचा ओट्यावर बसून पाहत होते.

तक्रार कुणी केली नाही गं. दुसऱ्या दिवशी गावात हसू झालं, ते तालुक्याला गेलं, तिथून साहेबांच्या कानावर गेलं. चाचा दर दिवाळीला माळवदावर बसतात, तू येणार नाहीस असं पत्र खिशात असलं तरी. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कबूल करत नाहीत. अब्बा भट्टीपुढं बसून म्हणून राह्यले की रखमाजीला आता फाट्यावरची म्हैससुद्धा पुष्पाच दिसते.

तू दोषी आहेस असं म्हणत नाही. संसार मलाही आहे. फक्त तुला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. दोस्ती आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताहेरा


अंकुशनगर,
दि. ३ डिसेंबर १९९५

ती. आबांस,

शि. सा. न. वि. वि. भुजंगराव वकिलांना भेटले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचं मत असं की नळीतून शिसं सुटतं की फुलं सुटतात हे आभाळ पाहील, कायदा नळी पाहील. घरी केलेल्या लोखंडी नळीत दारू ठासली की तिला खेळणं म्हणता येत नाही, आणि लेकीच्या स्वागतासाठी परवाना कोणी देईल असं त्यांना वाटत नाही. लपवून ठेवू नका, आपण होऊन साहेबांपुढं न्या, असं त्यांनी बजावलं आहे.

एक वाट त्यांनी सुचवली. तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती लावायच्या भोकात, साहेबांच्या देखत खिळा ठोकून ते कायमचं बंद करायचं. मग तिच्यातून बार निघणार नाही, आणि साहेबांनी मनावर घेतलं तर वडिलांची आठवण म्हणून ती घरात राहू देतील. वकीलसाहेबांनी तसा अर्जही लिहून दिला. अर्ज सोबत जोडला आहे.

आबा, ऐका माझं. घराण्याची वस्तू आहे, वाईट मलाही वाटतं. पण तुम्ही कोठडीत बसलेले मला पाहवणार नाही.

आणि जालन्याला डोळे तपासून घ्या. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तब्येतीला जपा, माझ्यासाठी तरी जपा.

आपली,
पुष्पा


टेंभुर्णी,
दि. २२ डिसेंबर १९९५

चि. सौ. पुष्पास,

अनेक उ. आ. वि. वि. डोळ्यांचा विषय तुला सहज आठवला, म्हणजे याकूबच्या ताहेरानं पत्र लिहिलं. पोरगी लहानपणापासून पोटात काही ठेवत नाही. असो. ती बाई तुझ्याच उंचीची होती आणि पिशवी तुझ्यासारखीच डाव्या हातात धरली होती, एवढं माझ्या बाजूनंही लिहून ठेवतो.

याकूबला घेऊन ठाण्यात गेलो. साहेब भले निघाले. अर्ज वाचला, चहा सांगितला आणि खिळा ठोकायला आवारातला दगड दाखवला. बापानं घडवलेली तोफ पोरानं बुजवायची, याकूबचा हात उठेना. मंग मी तोफ गच्च धरली आणि त्यानं घण मारला. येताना एस.टी.त दोघं शेजारी बसलो. उतरताना तो म्हणाला की आपण दोघं मिळून एक जनावर मारून आलो.

तोफ आता देवळीत ठेवली आहे. वर चढून बसायचं कारण संपलं, गुडघ्यांना तेवढाच आराम. तू आलीस तरी सांगायला काही उरलं नाही, आणि नाही आलीस तरी कुणाला कळणार नाही. वस्तीवर फार शांत वाटतं.

काळजी करू नकोस, थोडी केलीस तर चालेल.

तुझा आबा


अंकुशनगर,
दि. ५ जानेवारी १९९६

ती. आबांस,

शि. सा. न. वि. वि. मी येते आहे. नणंद बेबीनंदा संक्रांतीला इकडं येतेय, चार दिवस आईला मी पाहते म्हणाली. पोरांना शाळा आहे, म्हणून एकटीच. भोगीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं फाट्यावर उतरेन.

एक मागणं आहे, आजवर कधी बोलले नाही. लग्नानंतर दर दिवाळीला मी फाट्यावर उतरायचे, बार व्हायचा, फुलं दिसायची, आणि मग वस्तीपर्यंत ती वाट मी एकटीच चालायचे. दुसऱ्या बायांचे बाप फाट्यावर पिशवी घ्यायला उभे असायचे. माझे आबा माळवदावर काडी घेऊन. सगळ्या गावाला कळायचं की लेक आली, पण लेकीला न्यायला कोणी नसायचं. आता तोफ नाही. आता तुम्ही फाट्यावर या, आबा.

भेटल्यावर बोलूच. तोवर जीव लावून असा.

आपली,
पुष्पा


टेंभुर्णी,
दि. २८ जानेवारी १९९६

चि. सौ. पुष्पास,

अनेक उ. आ. वि. वि. तू सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. तिळाचे लाडू अजून आहेत. एकटा माणूस किती खाणार?

मी सकाळपासूनच फाट्यावर होतो, हे तुला सांगितलं नाही. तू उतरलीस तेव्हा मी दुसऱ्याच बाईची पिशवी धरली होती, ते तू पाहिलंस आणि मागून आबा म्हणून हाक मारलीस. पुष्पा, एवढी वर्षं मी वर बसून वाट पाहिली आणि तू खाली एकटी चाललीस, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. गावाला सांगायच्या नादात तुला भेटायचं राहिलं. यंदा बाया आल्या नाहीत, भोगीची भाजी-भाकरी आपण दोघांनीच खाल्ली. तुला ओवाळायचं राहिलं म्हणून गोजरबाई अजून रुसली आहे, पण मला ते जेवण बरं वाटलं.

तू गेलीस त्या दिवशी गाडी हलल्यावर मी बराच वेळ तिथंच उभा होतो. लेक आली की काय करायचं ते माझ्या बापानं शिकवलं होतं. लेक जाते तेव्हाची रीत कुणी सांगितली नाही.

आता दुपारी फाट्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसतो. गाडी थांबली की कंडक्टर विचारतो कुठं जायचं, मी म्हणतो कुठं न्हाई. तो चांगला आहे, हसत नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशनचं तू घोकून गेलीस. करू, पण त्याला जल्दी नको. डोळे साफ झाले तर बाई उतरल्या उतरल्याच कळेल की ती तू नाहीस. आता ती बाभळीपर्यंत चालत येते, तोवर तूच असतेस.

आठवण ठेव.

तुझा आबा