पेवाचा अर्थ

वागळे इस्टेट, शुक्रवार

प्रिय रचना,

डोंबिवलीतल्या तुझ्या धान्याच्या दुकानाला 'पेव' नाव द्यायचं म्हणतेस आणि पाटीवर लिहायला अर्थ मागतेस. सकाळी फोनवर सांगायला लागलो, तर म्हणालीस, बाबा, दोन ओळींत आटपा. अगं, दोन ओळींत मी लेथचं कोटेशनसुद्धा देत नाही!

तुझ्या आईच्या मते पेव म्हणजे कोकणात पावसाबरोबर रानभर फुटणारं रोप; 'पेव फुटलं' म्हणतात ते त्यावरूनच. शकूबाईंशी वाद घालून मी कधी जिंकलोय? पण आमच्या देशावर पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखं फुगलेलं. तळाला कडबा, त्यावर ज्वारी, तोंडावर दगड आणि मातीचा लेप. वारा शिरत नाही म्हणून दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पाटीला एवढं पुरे.

पाटीवर न मावणारं आता सांगतो. दाणा ज्या हवेत टिकतो, त्या हवेत माणूस टिकत नाही. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. मी लहान असताना एकदा घरी पाहुणे आलेले, ज्वारी संपलेली. चांगदेवदादा म्हणाला, आपलंच पेव आहे, त्याला काय भ्यायचं, आणि शीळ घालत उतरला. मी तोंडाशी टोपली धरून बसलेलो. शीळ मध्येच थांबली. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी पाय आत सोडले, तेव्हा वडिलांनी कमरेला धरून मागे ओढलं. तुम्हा मुलांना आम्ही 'चांगदेवकाका तापाने गेले' एवढंच सांगत आलो.

सकाळी तू बोलत होतीस तेव्हा मागे लोखंडी झाकणावर घण पडत होता. आवाज पोकळ होता. जावईबापू कोणाला तरी म्हणाले, आपलंच तळघर आहे, उद्या मीच पहिला उतरतो. थांबा म्हटलं, तर तू म्हणालीस, बाबा, हे तुमचं गाव नाही, आणि फोन ठेवलास. नंतर उचललाच नाहीस. म्हणून आपल्या परशुराम फिटरच्या हाती हे पत्र देतोय. पत्र देऊन त्याने झाकणावरच बसायचं, असं ठरलंय. कंदीलबिंदील सोडू नका. तिथे आधी रंगाचं गोदाम होतं, भडका उडेल. हवा तपासणाऱ्यांना मीटर घेऊन बोलावलंय. त्यांनी हो म्हटल्याशिवाय परशुराम उठणार नाही. नाव 'पेव'च ठेव, छान आहे. जावईबापू चिडतील, आरडाओरडा करतील. करू देत. त्यांचा आवाज ऐकू येतोय तोवर माझी काही तक्रार नाही.

तुझाच,
बाबा