एकुलता देऊ नये

जाफराबाद
पौष वद्य ४, शके १८५७, रविवार

चिरंजीव नरहर,

आशीर्वाद. प्रकृती ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. हरभरा घाट्यावर आला आहे. कचेरीच्या ओट्यावर काम मंद आहे. थंडीत लोक अर्ज लिहून घ्यायला कमी येतात. दुर्गाबाईंचा गुडघा दुखतो, त्यामुळे त्या स्वयंपाकाला येत नाहीत. मीच भाकरी थापतो. कडा फाटतात, पण पिठले बराबर जमते.

तुझे जालन्याहून पत्र आले. दवाखान्यात औषधे तयार करायचे काम तुझ्याकडे दिले, हे वाचून बरे वाटले. तोलताना काट्याला वारा लागू देऊ नकोस.

तू ख्रिस्ती झालास तेव्हा मी विचारले होते की, ज्या देवाला मरण नाही त्याला मुलगा कशाला? आपल्यात मुलगा लागतो तो मागे पाणी द्यायला. त्यावर तू लिहिलेस की, ते पुत्रपण आपल्यासारखे जन्माचे नव्हे. ज्योत असते तेव्हापासूनच तिचा उजेड असतो, तसा तो पित्याजवळ पहिल्यापासून आहे. पित्याला त्याची गरज नाही, प्रेम आहे. आणि त्याच्यामुळे तुम्ही, त्याला मानणारे सगळे, देवाचे दत्तक.

नरहर, दत्तकाचे तू मला सांगू नकोस. मी शाळेत गेलो नाही. मोडी जुन्या खतांवरून शिकलो, उर्दू कचेरीच्या भिंतीला पाठ लावून ऐकत ऐकत. पण दत्तकपत्र लिहायचे तर भोवतालची गावे माझ्याकडेच येतात. दत्तकाला देणारा लागतो. जन्मदात्याने आपल्या हाताने मूल उचलून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचे. त्यावाचून दत्तक होत नाही. माझा चुलतभाऊ बद्रीनाथ याने हसनाबादेत तुला असेच माझ्या मांडीवर ठेवले. तू माझे उपरणे दोन्ही मुठींत धरलेस. तुझी आई तेव्हा हसली होती. ती गेल्यापासून ते हसणे आठवायचे मी टाळतो, आज आठवले.

मग तुझ्या देवाने तुला मांडीवर घेतले तेव्हा दिले कुणी? मला तर कुणी विचारले नाही. माझ्या हिशेबी ते दत्तक बिलकुल नामंजूर.

मंगळवारी बद्रीनाथ आला होता. आधी ज्वारीचे बोलला, मग बैलाचे. मग म्हणाला, जातीतले लोक म्हणून राह्यले की येत्या अमावस्येला तुझा घटस्फोट करावा. म्हणजे तुझ्या नावाचा दर्भाचा पुतळा करायचा, पाण्याचा घट पायाने लवंडायचा, आणि तू मेलास असे म्हणून स्नान करायचे. मुलगा हयात असता दुसरा दत्तक घेता येत नाही. घट लवंडला की येतो. त्याचा धाकटा तो द्यायला तयार आहे.

"घर चालू राह्यलं पाहिजे, दादा. एकदा घट लवंडा, मंग धाकट्याला मांडीवर घ्या."

मी म्हणालो, अरे, नरहर तुझ्या रक्ताचा आहे.

"माझा न्हाई. दिला तेव्हाच पाणी सोडलं म्या."

कायद्याने बरोबर बोलला. हेच वाक्य मी लोकांच्या कागदांवर लिहीत आलो. माणसाच्या तोंडून ते असे ऐकू येते, हे ठाऊक नव्हते.

विचार करून सांगतो म्हणालो. तेवढ्याने गाव समजायचे ते समजले. दुर्गाबाईंचा गुडघा ठणठणीत आहे. शेजारी जातात त्या स्वयंपाकाला. ओट्यावर कामही थंडीमुळे कमी नाही. परवा संक्रांत. तिळगूळ केला आहे, पाक थोडा पुढे गेला. घ्यायला कुणी येईलसे वाटत नाही.

विचार मात्र मी खरेच केला. खोटे कशाला, दर्भही आणवला होता. मग तुझे पत्र पुन्हा काढले. शेवटी तू लिहिले आहेस की, त्या पित्याने आपला एकुलता जगासाठी देऊन टाकला. तिथे मी अडलो. आपले शास्त्र सांगते, एकुलता मुलगा देऊ नये. दत्तकालासुद्धा नाही. दिल्यावर तुझ्या देवाने काय केले? त्याला पिंड नको, पाणी नको, कबूल. पण त्या दिवशी त्याचे घर रिकामे झालेच असेल ना? ते तू लिहिले नाहीस. तुमच्या पाद्रीबुवांना विचार.

तो मोठा बाप असेल. मी तेवढा नाही. बद्रीनाथला काल निरोप पाठवला की घट लवंडणार नाही, धाकटाही नको; मला मुलगा आहे.

तुझ्या धर्मात माझे पाणी बसत नसेल तर नको देऊस. पण ये. तुझे ताट वेगळे मांडावे की काय, यावर मी बराच वेळ घातला. जेवणारे आपण दोघेच, बघणारे कुणी नाही. जवळच मांडीन.

ज्याच्याने तुला देववले नाही असा,
तुझा बाप
जगन्नाथ